अम्माच्या घेवड्याच्या गोळ्या

कुंभकोणम,
शुक्रवार, दुपार

प्रिय स्फूर्ती,

"अप्पा, त्या गोळ्या चांगल्या होत्या की वाईट, एवढंच सांगा," असं तू मला फोनवर लिहून पाठवलंस, आणि मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवून गप्प बसलो. नंतर चष्मा लावून पाहिलं तेव्हा माझं मलाच हसू आलं आणि वाईटही वाटलं. असल्या प्रश्नाला अंगठा दाखवणाऱ्या बापाशी पुढे काय बोलायचं, असं तुला वाटलं असणार. तू पुन्हा काही लिहिलं नाहीस. पण त्या वेळी अम्मा शेजारीच कडीपत्ता निवडत बसली होती. माझा फोन वाजला की "कोण हो तें, स्फूर्ती का?" असं ती विचारते आणि माझं बोलणं संपेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिच्यासमोर तुला काही सांगणं मला जमत नाही, आणि तिच्या पाठीमागे फोन करायला या घरात 'पाठीमागे' अशी जागाच नाही. आज ती भवानीकडे पापड लाटायला मदतीला गेली आहे, म्हणून कागद पुढे ओढला. माझी मराठी तुमच्या पुण्याकडची पुस्तकं वाचून शिकलेली. घरी आपण बोलतो ती अम्माची मराठी, जिला तुझ्या सासूबाई "जुन्या कागदपत्रांतली भाषा" म्हणाल्या होत्या. लिहायला बसलं की मी आपोआप तुझ्या सासरसारखा लिहितो. अम्मा म्हणते, अशा वेळी मी तिला परक्या घरच्या पाहुण्यासारखा वाटतो.

तर गोळ्या. दीपावलीच्या आधी तुझं पार्सल आलं तो दिवस मला नीट आठवतो. चकलीचा डबा, माझ्यासाठी खादीचा सदरा, आणि तळाशी त्या दोन पांढऱ्या बाटल्या. तू चिठ्ठीत लिहिलं होतंस की तुला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तुझ्या डॉक्टरीणबाईंनी या बंद करायला सांगितल्या, बाटल्या तशाच पडून आहेत, तुला त्यांनी चांगला गुण आला होता, आणि अम्माच्या गुडघ्यांसाठी वजन उतरायलाच हवं, म्हणून पाठवते आहेस. मी भिंग घेऊन बाटलीवरचं सगळं वाचून दाखवलं. पांढऱ्या घेवड्याचा अर्क. भातातलं पिष्ट पचू देत नाही, जेवणाआधी घ्यावी. अम्मानं विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे भात खायचा, आणि पोटाला कळूं द्यायचें नाहीं." तीन वेळा भात खाणाऱ्या या गावात यापेक्षा सोयीचं औषध कोण शोधून काढणार. शिवाय तो घेवडा होता. रसायन असतं तर अम्मानं हात लावला नसता. घेवड्याची उसळ तर ती लग्नाआधीपासून करत आली आहे.

सुधींद्रला मी तेव्हाच विचारलं होतं. आपल्या घरातला औषधांच्या दुकानाचा मालक म्हणजे आपल्याला डॉक्टरच. त्यानं बाटली फिरवून बघितली आणि म्हणाला, "काका, हे औषध नाही, खाण्याचा पदार्थ आहे. म्हणून याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही." मला बरं वाटलं. पुढे त्यानंच आणखी एक वाक्य जोडलं, "आणि म्हणूनच आत काय नि किती आहे, ते औषधासारखं कोणी तपासतही नाही." तेव्हा मला पहिलं वाक्य ऐकू आलं आणि दुसरं आलं नाही, असं कसं झालं कोण जाणे. दोन्ही वाक्यं एकाच माणसानं एकाच दमात सांगितली होती.

पहिले काही आठवडे नुसती गंमत होती. गोळ्यांनी अम्माचं पोट फुगायचं. न पचलेला भात पुढे जाऊन काय करणार, वारा धरणार. मार्गळी महिन्यातल्या थंडीच्या पहाटेच्या भजनात ती नेहमी पहिल्या रांगेत झांजा घेऊन बसते, ती उठून सगळ्यात मागे खांबाशी बसू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "देवाला ऐकूं जायचें तें ऐकूं जाईल, शेजारणीला नको." पण महिन्याभरात तिचे ब्लाउज सैल झाले. मग शिंपिणीकडे जाऊन सगळे आत घेतले. बायका थांबून विचारू लागल्या. तुला तिनं हिरव्या साडीतला फोटो पाठवला होता. तू त्यावर "अम्मा, तू माझी बहीण दिसतेस" असं लिहिलं होतंस, ते तिनं मला चार ठिकाणी वाचून दाखवायला लावलं. मला ती आवडली. मला वाटलं, लग्नातली दिसते. तुला हे बापानं सांगावं की नाही कळत नाही, पण आता सांगितलं.

मग भवानीचं प्रकरण झालं. ते तुला कोणी सांगितलं नसावं. दोन घरं सोडून राहणारी भवानी, तिनं अम्माला विचारून घेतलं की गोळ्या कशाच्या आहेत. इतक्या महाग बाटल्या मागवण्यापेक्षा घेवडाच आणू, असं तिला वाटलं. कुठल्याशा व्हिडिओत तसं दाखवलंही होतं. तिनं बाजारातून पांढरा राजमा, म्हणजे हाच घेवडा, आणला, कच्चाच मिक्सरमध्ये दळला, आणि रोज सकाळी दोन चमचे ताकातून घ्यायचं ठरवलं. पहिल्याच सकाळी घेतला आणि दुपार व्हायच्या आत तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. इतके की तिला धड उभं राहता येईना. सुधींद्रनं दुकान तसंच टाकून तिला रिक्षात घातलं आणि डॉक्टर श्रीविद्यांकडे नेलं. तिथे सलाइन लावलं. डॉक्टरांनी सांगितलं की या बियांमध्ये कच्चेपणी एक घटक असतो, तो पोटाला अगदी सोसत नाही. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, खळखळ उकळून शिजवलं की तो मरतो. नुसतं कोमट शिजवलं तरी भागत नाही. संध्याकाळी भवानीचे यजमान आपल्या ओसरीवर येऊन बसले. भांडले नाहीत. "मामी, तुम्ही हे रोज खाता आणि तुम्हाला काही होत नाही, आमच्या घरात एका दिवसात असं कसं झालं?" एवढंच तमिळमध्ये विचारलं. अम्मा म्हणाली, "माझा बाटलीवाल्यानें शिजविला असेल." ते मान हलवून गेले.

इथून माझा गोंधळ सुरू झाला, स्फूर्ती. उसळ खाल्ली तर जेवण. कच्चा दळला तर दवाखाना. आणि अर्क काढून गोळीत भरला तर काय, ते सांगणारं कोणी नाही. सुधींद्र म्हणाला, चांगला कारखाना असेल तर तो घटक काढूनच अर्क करतात. मी म्हटलं, हा कारखाना चांगला आहे का? तो म्हणाला, "बाटली तर चांगली आहे." मी अम्माला म्हटलं, थोडे दिवस बंद कर. तिनं ऐकलं नाही. भवानीची चूक वेगळी, आपलं वेगळं, आणि स्फूर्तीनं स्वतः खाऊन बघूनच पाठवलं आहे, हे तिचं म्हणणं. तिच्या म्हणण्यात मला चूक सापडेना. मी सबंध नोकरी वीज मंडळात काढली. तार तुटली की खांबाखांबानं चालत जायचं आणि दोष सापडला की परत यायचं, एवढंच मला येतं.

पोंगलनंतर तिला थोडा खोकला लागला. मार्गळीत पहाटे अंगणात रांगोळी घालताना दव लागलं असेल, असं आम्ही धरून चाललो. तो काही जाईना. संध्याकाळी तिचा हात धरला तर कोमट लागायचा. पानात भात तसाच राहायचा, आणि ती म्हणायची, गोळीनं भूक मारली आहे, बाटलीवर लिहिल्यापेक्षा जास्तच गुण आहे. वजन उतरतच होतं. शिंपीण दुसऱ्यांदा ब्लाउज आत घेताना म्हणाली, मामी आता पुरे. आम्ही तेही कौतुक म्हणूनच घरी आणलं.

गोविंदपुरमला काय झालं ते सुधींद्रनं तुला कळवलं होतं, पण त्याला अर्धंच माहीत होतं. आदल्या दिवशी एकादशी होती. अम्मानं नेहमीप्रमाणे कडक उपास केला. द्वादशीला पहाटे पारणं. तिनं आधी साखरेची, म्हणजे मधुमेहाची गोळी घेतली, मग घेवड्याची, मग पानात दोन मुठी भात वाढून घेतला. त्यातलाही अर्धा गायीला. मग आम्ही बस पकडून गोविंदपुरमला विठ्ठलाच्या भजनाला गेलो. भजन रंगात आलं होतं, आणि अम्माच्या हातातल्या झांजा थांबल्या. मी बायकांच्या बाजूला बघितलं तर ती घामानं निथळत होती आणि माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो. मग ती शेजारणीच्या मांडीवर कलंडली. कोणी प्रसादाचा भात भरवायला धावलं. पण दातखीळ बसल्यासारखं झालं होतं. एका म्हाताऱ्या भजनीबुवांनी जरा थांबून, तिचे ओठ हलू लागले तेव्हा गुळाचं पानक हळूहळू ओठांशी धरलं. ते एक एक घोट करून गिळलं गेलं आणि तिनं डोळे उघडले. पहिलं काय बोलली असेल? "बस गेली कां?"

डॉक्टर श्रीविद्यांनी रक्त तपासलं. साखर फारच खाली गेलेली. अम्मानं पिशवीतून साखरेच्या गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली. डॉक्टर म्हणाल्या, "आणखी काही घेता?" अम्मा म्हणाली, नाही. मी म्हटलं, घेवड्याच्या. तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिची चहाडी केली. डॉक्टरांनी बाटली मागून घेतली आणि शांतपणे समजावलं. साखरेची गोळी साखर खाली आणते, ती जेवलेला भात गृहीत धरूनच. घेवड्याचा अर्क भाताची साखर होऊ देत नाही. दोन्ही गोळ्यांना एकमेकींची गाठ पडल्याचं ठाऊक नसतं. वर उपास. "नुसता अर्क निरोगी माणसानं थोडे दिवस घेतला तर बहुधा पोट फुगण्यापलीकडे काही होत नाही," त्या म्हणाल्या, "वजनही थोडंच उतरतं. पण साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी काय करावं, हे नीट तपासून कोणी सांगितलेलं मला माहीत नाही. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं." अम्मानं विचारलं, "घेवडा विचारून खायचा असतो का?" डॉक्टर हसल्या आणि मी घरची दुसरी बाटलीही आणून त्यांच्याकडे दिली.

हे कळल्यावर तू फोन केलास तो दिवस. तू रडत होतीस आणि "माझ्यामुळे झालं, अम्मा, मला माझ्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या होत्या आणि मी त्याच तुला पाठवल्या" असं पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. अम्मा "कांहीं नाहीं गे, कांहीं नाहीं" म्हणत होती. त्यानंतर चारच दिवसांनी तिनं स्वतः तुला फोन लावून सांगितलं की बाळंतपणाला इकडे येऊ नकोस. घराचं छत उघडायचं आहे, इथे उकाडा फार, पुण्यात दवाखाने चांगले, सासूबाई आहेत. तू विचारलंस, छताला काय झालं? ती म्हणाली, गळतंय. फाल्गुनात. त्या दिवसापासून तू फोनवर तिला "बरी आहेस ना" एवढंच विचारतेस आणि ती "बरी आहें" एवढंच सांगते. व्हिडिओवर ती लांब बसते, पदर तोंडाला धरते, लवकर उठून जाते. जावईबापूंनी मला विचारलं होतं, "आईंना राग आलाय का?" मी म्हटलं, "नाही." त्यांना पटलं नाही, हे आवाजावरून कळलं. तुझी खात्रीच झाली आहे की गोळ्यांमुळे अम्मा तुझ्यावर रागावली आहे, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेर बंद केलं ते त्याच रागानं.

पोरी, छत धडधाकट आहे.

त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी अम्माच्या गळ्याखालचा भाग बोटांनी चाचपला होता. वजन किती उतरलं, कधीपासून, खोकला किती दिवस, रात्री घाम येतो का, असं विचारलं. अम्मा अभिमानानं सांगत होती, किती उतरलं ते. डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "एवढं वजन घेवड्यानं उतरत नाही, मामी." मग छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला दिली. तिला क्षय झाला आहे. फुप्फुसाचा. मधुमेह असलेल्यांना तो चटकन धरतो म्हणतात. कितीतरी दिवस तो तिला आतून खात होता, आणि आम्ही दोघं, शिंपीण, भजनातल्या बायका, सगळे मिळून त्याचं कौतुक करत होतो.

मी डॉक्टरांना विचारलं, गोळ्यांमुळे झाला का? त्या म्हणाल्या, मुळीच नाही, क्षय जंतूमुळे होतो. मी विचारलं, मग गोळ्या निर्दोष? त्या म्हणाल्या, तसंही म्हणता येणार नाही. गोळ्या नसत्या तर वजन का उतरतंय हे तुम्ही दुसऱ्याच महिन्यात विचारलं असतं. मी म्हटलं, आणि गोळ्या नसत्या तर त्या दिवशी चक्कर आली नसती, चक्कर आली नसती तर छातीचा फोटो काढला नसता. त्या म्हणाल्या, "असं बाहेर कोणाला सांगू नका, नाहीतर लोक फोटोसाठी गोळ्या खातील." मी हसलो. घरी येऊन बसलो तेव्हा डोकं भणाणून गेलं होतं. तू विचारलंस, चांगल्या की वाईट. त्यांनी तिला पाडलं हे खरं. त्यांच्यामुळेच तिचा आजार दिसला नाही आणि त्यांच्यामुळेच सापडला, हेही खरं. तिचं वजन त्यांनी उतरवलंच नव्हतं, निदान फारसं नाही. इतक्या दिवसांनंतरही मला एका शब्दाचं उत्तर सापडलेलं नाही. सापडलं एवढंच, की तू पाठवल्या त्या मायेनं पाठवल्या, आणि या आजारात तुझा हात कुठेही नाही. हे मी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं आहे. तुझ्याकडे एखादी बाटली राहिली असेल तर बाळ झाल्यावर, अंगावर पाजत असताना, वजन उतरवायची घाई करून ती उघडू नकोस. आधी तुझ्या डॉक्टरांना दाखव.

अम्मानं मला देवासमोर उभं करून सांगितलं होतं की हे तुला कळवायचं नाही. ती म्हणाली, "पोटुशी पोर आहे. ऐकलें तर गोळ्यांचा दोष आपल्यावर घेईल, आणि उठून इकडे येईल. आली तर मी तिला दाराबाहेर कशी ठेवूं?" आणि दुसरं, हळू आवाजात, "तिच्या सासरीं या आजाराचें नांव जाऊं नये." मला दोन्ही पटलं. म्हणून मी छताला साथ दिली. तिनं मागच्या खोलीत अंथरूण हलवलं, खिडक्या उघड्या, ताट-वाटी वेगळी. मी म्हटलं ताट वेगळं करायची गरज नाही म्हणतात, तर म्हणाली, मला बरें वाटतें. माझीही तपासणी झाली. मला काही नाही. रोज उपाशीपोटी क्षयाच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा ती इतकी घाबरली की मला उठवून न्हाणीघरात नेलं. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, ती विसरली होती. बाहेर सगळ्यांना धुळीची अॅलर्जी सांगितली आहे. भवानीला खरं माहीत आहे. ती रोज ओसरीवरून गप्पा मारते. पहिले काही आठवडे ती जवळ बसली नाही, पण एक दिवसही चुकली नाही. आता खोकला गेला. ताप गेला. पानातला भात संपतो. मागच्या आठवड्यात तिचं वजन वाढलेलं निघालं तेव्हा मी येताना पावशेर जिलबी आणली, आणि मग आठवलं की तिला साखर आहे. सगळी मीच खाल्ली. ती समोर बसून बघत होती.

आता हे पत्र का, ते लिहितो. परवा थुंकीची दुसरी तपासणी आली. त्यात जंतू सापडला नाही. डॉक्टर श्रीविद्या म्हणाल्या, गोळ्या पूर्ण कोर्स होईपर्यंत एक दिवसही चुकवायच्या नाहीत, पण आता तिच्यापासून दुसऱ्याला धोका जवळजवळ उरलेला नाही, प्रवास करता येईल, नातवंड मांडीवर घेता येईल. मी घरी येऊन म्हटलं, चल, पुण्याची तिकिटं काढतो, आता स्फूर्तीला प्रवास जमणार नाही तर आपण जाऊ. अम्मा म्हणाली, "नाहीं. कागदावर कांहीं असूं दे, एवढ्याशा जिवाजवळ मी जाणार नाहीं." मी समजावलं, डॉक्टरांनी फोनवर समजावलं. ती ऐकून घेते आणि मागच्या खोलीत जाऊन तुझ्या बाळासाठी जुन्या साड्यांची दुपटी शिवते. मला खरंच कळत नाही, तिचं बरोबर की माझं. म्हणून तिचा शब्द मोडून तुला सगळं सांगितलं. तपासणीचे कागद सोबत पाठवले आहेत. तुझ्या डॉक्टरांना आणि बाळाच्या डॉक्टरांना दाखव, त्यांना काय विचारायचं ते विचार. जावईबापूंना आणि सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्यांनी नको म्हटलं, किंवा तुझंच मन धजलं नाही, तर मला सरळ तसं कळव. मी वाईट वाटून घेणार नाही, आणि तिला तर हे पत्र गेल्याचंही कळणार नाही. पण त्यांनी हो म्हटलं, तर माझ्या फोनवर नको, तिच्या फोनवर फोन कर आणि तूच तिला ये म्हण. माझं आणि डॉक्टरांचं ती ऐकणार नाही. तू म्हणालीस तर ती येईल.

दोघींच्या मध्ये अडकलेला,
तुझाच
अप्पा